छोटा कप म्हणायचं नाही

आमच्या जुन्या टीमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर गुड मॉर्निंगची फुलं आणि कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे फोटो, एवढंच असतं. पण फेब्रुवारी आला की कोणीतरी हमखास लिहितो, "चाचा, इस बार फॉर्म भरना मत भूलना." मग खाली दहा-बारा हसरे चेहरे पडतात. मलप्पुरमहून नौशाद हसतो, नेपाळमधून आमचा गोलकीपर हसतो, आणि शेवटी चाचा स्वतः एक अंगठा टाकतो. मी काही टाकत नाही. फोन पालथा ठेवतो. बायको चहाचा कप पुढं सरकवत विचारते, "पुन्हा चाचा का?"

हो, पुन्हा चाचा. इतकी वर्षं झाली, त्या माणसाला मी परत भेटलेलो नाही, तरी माझ्या पोटात दुखायचं थांबलेलं नाही. आता खोटं कशाला बोलू? लोक असल्या माणसाबद्दल लिहायला बसले की आदर, जिव्हाळा असले शब्द काढतात. माझ्याकडं ते नंतर. आधी हेवा.

दुबईच्या पलीकडं, रास अल खैमातल्या टाइल्सच्या फॅक्टरीत आम्ही दोघं होतो. मी एचआरमध्ये असिस्टंट मॅनेजर, शिवाय कंपनीच्या फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी. तो ड्रायरवरचा फोरमन, आणि क्लबचा कोच. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातला, पन्नाशी ओलांडलेला, ठेंगणा, पोट किंचित पुढं. त्याचं पूर्ण नाव फॅक्टरीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं, कारण त्याची फाइल माझ्या कपाटात होती. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायचो. मनात मात्र कायम एकेरी, त्यामुळं इथंही एकेरीच येणार.

आता मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पेठेच्या टीमची मॅच असली की लग्नाचा मुहूर्त पुढं ढकलतात. त्या टीमचा मी तीन सीझन प्लेअर होतो. आणि या चाचानं जन्मात कधी बॉलला पाय लावलेला नाही. लहानपणी खाडीत पोहला असेल, मासे धरले असतील. फुटबॉल त्यानं पहिल्यांदा बघितला तो लेबर कॅम्पच्या मागं, चाळिशी उलटल्यावर. आणि तो कोच, मी सेक्रेटरी. आता काय बोलायचं सांगा.

कोच झाला तो जर्सी धुता धुता. कच्च्या टाइल्स भट्टीत जायच्या आधी ड्रायरमधून सुकून जातात. त्या ड्रायरच्या पाठीमागं चाचानं एक तार बांधली होती. मॅच झाली की पंधरा जर्सी हातानं धुवायच्या, त्या तारेवर टाकायच्या, दहा मिनिटांत कडक. मग घडी घालून प्रत्येकाच्या खोलीवर नेऊन द्यायच्या. आमच्या जर्सींना कायम ओल्या मातीचा वास यायचा. जर्सी देताना तो दोन मिनिटं बसायचा, घरचं विचारायचा. मी क्लबसाठी कोच शोधायला लागलो तेव्हा पोरं म्हणाली, कोच आहे की, चाचा.

मॅचला तो हेल्मेट घालून उभा राहायचा. पिवळं, फॅक्टरीचं, आणि पायात सेफ्टी शूज. कोणी हसलं तर म्हणायचा, "ड्यूटीवर हाय." आणखी एक खोड म्हणजे तो बॉल बघायचाच नाही. बॉल डाव्या बाजूला असला तर याची नजर उजव्या बाजूला. मॅच संपली की लेफ्ट बॅकला बाजूला घेऊन विचारणार, "घर से फोन आया था क्या?" आणि खरंच आलेला असायचा. आई आजारी, बहिणीचं लग्न मोडलं, असलं काहीतरी निघायचं. मी व्हाइटबोर्डवर लाल-निळे बाण काढून अर्धा तास समजावून सांगायचो, पोरं "येस सर, येस सर" म्हणत ऐकून घ्यायची. बोर्ड पुसला की मान वळवून विचारायची, "चाचा, क्या करना है?"

"खेलना है. यल्ला."

यल्ला म्हणजे अरबीत चला. यावर पोरं मैदानात अशी धावायची की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

बायकोचं तेच. शुक्रवारी मॅच बघायला ती आणि आमची लेक यायच्या. चाचा तिला वहिनी म्हणायचा आणि तिच्या स्वयंपाकाचं इतकं मनापासून कौतुक करायचा की मटणाचं लोणचं, जे माझ्यासाठी वर्षातून एकदा व्हायचं, ते त्याच्या खोलीवर बरणी भरून जायला लागलं. मी एकदा म्हणालो, "घरात पण थोडं ठेवत जा." ती म्हणाली, "तुम्ही कधी म्हणता का चांगलं झालंय म्हणून?"

आणि लेकीनं तर कहर केला. एकदा मॅचहून परत येताना मी गाडीत सहज म्हणालो, "चार हजार एकशे बारा आज बरा खेळला." मागून आवाज आला, "बाबा, हिज नेम इज नौशाद. चाचा नोज एव्हरीवन्स नेम. यू ओन्ली नो देअर स्टाफ नंबर्स." नऊ वर्षांची होती. मी रेडिओचा आवाज वाढवला.

आमचं खरं भांडण कपावरून. आम्ही दोन ठिकाणी खेळायचो. एक लीग. ती दुबईत ऊद मेथाला एका शाळेच्या ग्राउंडवर, हिरव्यागार गवतावर, कडेला खुर्च्या मांडलेल्या. स्वतः एमडी यायचे. एकदा ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, लीग जिंका, पुढच्या वर्षी वरच्या डिव्हिजनमध्ये जाऊ, आणि क्लबला एक फुल-टाइम मॅनेजर देऊ. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं होतं. त्या एका बघण्यावर मी दोन वर्षं काढली.

दुसरा शेजारच्या उम्म अल कुवैनचा कप. इंडस्ट्रियल एरियाच्या मागं वाळूचं मैदान, पाणी मारून दाबलेलं. आठ टीम. तिथल्या एका मलबारी कॅफेटेरियावाल्यानं सुरू केलेली स्पर्धा. कप दीडशे दिरहमचा, म्हणजे तेव्हाचे सोळा-सतराशे रुपये. बघायला कोण, तर कॅम्पमधली माणसं आणि दोन-चार उंट. गोल पोस्टला जाळी असलीच तर मासेमारीची.

माझं म्हणणं साधं होतं. आपल्याला वर जायचंय तर माणसं वाळूत कशाला झिजवायची? लीगला पहिली टीम, कपाला राखीव. आधीच्याच सीझनला कपाच्या सेमीफायनलमध्ये वाळूत पाय अडकून नौशादचा घोटा गेला होता. आमचा एकमेव स्ट्रायकर तीन आठवडे बसला आणि लीग आमच्या हातून गेली. कप मात्र जिंकला. तो कप पॅकिंग डिपार्टमेंटच्या कपाटावर होता आणि त्यात लोक चहाचे चमचे ठेवायचे.

"चाचा," मी त्याला म्हणालो होतो, "इंग्लंडमधले मोठमोठे क्लबसुद्धा छोट्या कपाला दुसरी टीम पाठवतात. चांगले प्लेअर राखून ठेवतात."

"राखून कुठं ठेवतात?"

"बेंचवर. विश्रांती देतात."

"मग त्या कपात नाव कशाला घालतात?"

"घालावं लागतं. नियम असतो."

"म्हणजे लग्नाला जायचं आणि न जेवता यायचं," चाचा म्हणाला. "आणि सायब, छोटा कप म्हणायचं नाय. बोटयार्डवाल्यांना वर्षात तेवढा एकच असतो."

बोटयार्डवाले म्हणजे कपातली दुसरी चांगली टीम. वेल्डर, सुतार, रंगारी. त्यांच्याशी मॅच असली की चाचा आदल्या दिवशी शेअर टॅक्सीनं त्यांच्या कॅम्पवर जायचा. खजुराचा डबा घेऊन, सोयरीक जमवायला निघाल्यासारखा. तिथं चहा पिऊन सांगून यायचा, उद्या आमचे हे हे अकरा येणार. समोरच्या टीमला आदल्या दिवशी आपली टीम सांगणारा कोच मी जगात दुसरा बघितलेला नाही. मी ओरडलो तर म्हणाला, "ते लोक सुट्टी टाकून खेळतात. समोर कोण हाय ते नको कळायला?"

इथं एक दुरुस्ती करतो. तीन सीझन प्लेअर होतो असं वर लिहिलंय, ते खरं तर राखीव होतो. मोठ्या मॅचला एकदाही उतरलो नाही. गावोगावच्या बारक्या स्पर्धांना पहिल्या राउंडला मेन पोरं यायची नाहीत, तेव्हा मला जर्सी मिळायची. बारक्या स्पर्धा बारक्या माणसांसाठी असतात, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलंय.

दोन हजार आठ संपत आलं आणि दुबईतल्या क्रेन थांबल्या. इमारतीच थांबल्या तर टाइल्स कोण घेणार? मालाचे खोके यार्डात मावेनात, ते पार्किंगपर्यंत आले. मी गाडी लांब लावून खोक्यांच्या मधल्या बोळातून चालत ऑफिसला जायचो. डिसेंबरात दोन नंबरची भट्टी बंद झाली आणि मला वरून यादी करायला सांगितली. कोणाला पाठवायचं ती यादी.

मी केली. एकाखाली एक स्टाफ नंबर. आमच्या अकरातले सहा त्यात होते, नौशादसकट. ड्रायरच्या फोरमनचाही नंबर होता. तो टाइप करताना मला वाईट वाटलं, हे खरं आहे. आणि वाईट वाटत असतानाच मनात येऊन गेलं की आता पोरं कुणाकडं बघतील. हेही खरं आहे, आणि हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

जानेवारीच्या शेवटी पत्रं दिली गेली. सहा जण आणि चाचा, सगळ्यांना फेब्रुवारीअखेर जायचं होतं. तेव्हा आम्ही लीगमध्ये पहिले होतो आणि कपाच्या फायनलला पोचलो होतो. पत्र मिळालं त्याच दुपारी चाचा माझ्या केबिनमध्ये आला. पत्र घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलेलं. मी पाणी पुढं केलं. त्यानं पत्राचा विषयच काढला नाही.

"सायब, लीग कधी संपते?"

"एप्रिल. शेवटचा आठवडा."

"आणि कपाची फायनल?"

"फेब्रुवारीच्या मधल्या शुक्रवारी."

"मग या सहा जणांसाठी मोठा कप कुठला, ते आता तुमीच सांगा."

  आजपर्यंत मी मोठ्या क्लबांच्या इतक्या गोष्टी वाचल्या, कोणत्या कपाला किती महत्त्व द्यावं यावर टीव्हीवरच्या इतक्या पंडितांना ऐकलं. पण कप मोठा की छोटा हे खेळणाऱ्याच्या परतीच्या तिकिटावर ठरतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. चाचानं टाइल्सच्या खोक्याचा एक पुठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर पेन्सिलीनं अकरा नावं होती, बापाच्या नावासकट. "एवढी नावं फॉर्मवर घाला. सगळे अकराचे अकरा. त्यांना घरी जाताना हातात कायतरी असू दे."

"भरतो," मी म्हणालो.

फॉर्म रविवारपर्यंत द्यायचा होता. खेळाडूंची नावं, लेबर कार्डच्या झेरॉक्स, खाली सेक्रेटरीची सही आणि कंपनीचा शिक्का. मी पुठ्ठा समोर ठेवून बसलो आणि विचार करायला लागलो, तेच चुकलं. म्हटलं, जाणाऱ्यांना खेळवून क्लबला काय मिळणार? जे राहणार त्यांची टीम आत्तापासून बांधायला हवी. लीग अजून अडीच महिने आहे. राखीव पोरांनाही कधीतरी चान्स नको? सगळं कसं मुद्देसूद. एचआरमध्ये बारा वर्षं काढल्यावर कुठल्याही गोष्टीला मुद्दे सापडतात. मी राहणारे पाच आणि राखीव सहा अशी अकरा नावं भरली. शिक्का मारला, फॅक्स केला. पुठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला. चाचाला काही कळवलं नाही.

मुद्दे सगळे खोटे होते असं नाही. पण त्यासाठी मी ते केलं नाही. माझ्या डोळ्यासमोर एकच चित्र येत होतं. मैदानात कप, ती सहा पोरं, आणि त्यांच्या खांद्यावर पिवळ्या हेल्मेटमधला चाचा. आणि कडेला माझी लेक टाळ्या वाजवतीय. ते मला बघवणार नव्हतं.

फायनलच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराची नमाज झाल्यावर बस गेटवर उभी राहिली. बस बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. मी बॅगेतून शिक्का काढला आणि बॅगेवरच कागद ठेवून मारला. वारा फार होता, कागद उडायला लागला, म्हणून चाचानं त्याचा एक कोपरा धरला. बस पुढं गेली, मी बायको आणि लेकीला घेऊन गाडीतून मागं. जाताना म्हटलं, तिथं पोचल्यावर बघू. थोडा आरडाओरडा होईल, मग खलास.

मैदानावर कॅफेटेरियावाल्यानं यादी वाचायला सुरुवात केली. पाच नावं झाली. सहावं नाव राखीव पोराचं आलं तेव्हा नौशाद हसला, त्याला वाटलं गंमत आहे. अकरावं नाव वाचून झालं तेव्हा तो माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "सर?"

मी काही बोलायच्या आत बोटयार्डचा कॅप्टन पुढं आला. बिहारचा वेल्डर होता, माझ्यापेक्षा दोन वीत उंच. "हम को इनकी सेकंड टीम से नहीं खेलना," तो म्हणाला. "चाचा हर साल असली टीम लाता है. कल हमारे रूम पे आ के नाम बता के गया. नाम बदल दो, हम को कोई ऑब्जेक्शन नहीं."

कॅफेटेरियावाल्यानं खांदे उडवले. त्याला कुठं नियमाची पडली होती? "नया लिस्ट बनाओ, कंपनी का स्टाम्प मारो, खलास."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दोन्ही टीम, कॅफेटेरियावाला, बायको, लेक. शेजारच्या पोरानं पाठ वाकवून कागद ठेवायला जागासुद्धा केली. बॅग माझ्या खांद्याला होती. बाजूच्या कप्प्यात शिक्का होता, मला तो बरगडीला लागत होता. अर्ध्या मिनिटाचं काम.

"स्टाम्प ऑफिस में है," मी म्हणालो.

रास अल खैमाला जाऊन यायचं तर दीड तास. ग्राउंडला लाइट नव्हते, तोवर अंधार झाला असता. कोणीतरी घड्याळ बघितलं. चाचानं माझ्याकडं बघितलं. बॅगेकडं नाही, माझ्याकडं. मग तो पोरांकडं वळला आणि हेल्मेट काढून हातात घेतलं.

"गलती मेरी है. सर ने नाम मांगा था. मैं देना भूल गया."

नौशादनं पायातले शिनगार्ड काढून वाळूत फेकले आणि तरातरा बसमध्ये जाऊन बसला. दुसरा एक जण मल्याळममध्ये काहीतरी बोलला, ते चांगलं नव्हतं. मी मनात म्हटलं, चला, एकदाचे त्याच्यावर चिडले. आणि दहा मिनिटांत नौशाद बसमधून उतरला, चाचाच्या शेजारी येऊन बसला. चाचानं डब्यातला खजूर दिला तो खाल्ला. बाकीचे पाचही येऊन बसले. मला वाटलं होतं तेवढंसुद्धा चिडणं टिकलं नाही. माझ्यावर तर इतक्या हक्कानं कधी कोणी चिडलंही नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्याच्या चुकीचाही हेवा वाटला, जी त्यानं केलेलीच नव्हती.

मॅच दोन-शून्यनं हरलो. राखीव पोरं जीव तोडून खेळली. चाचा त्यांच्यासाठीही तसाच उभा होता, हेल्मेट पुन्हा डोक्यावर, नजर बॉल नसेल तिथं. बोटयार्डवाल्यांनी कप घेतला पण नाचले नाहीत. त्यांचा कॅप्टन चाचाला म्हणाला, "अगले साल असली टीम लाना, इन्शाल्ला." आमच्या राखीवमधला एक जण जर्सी काढताना माझ्याजवळ थांबला. "सर, फायनल उनका था," म्हणाला आणि गेला. मी स्वतः तीन वर्षं बेंचवर बसलेला माणूस. ते मला त्याच्याकडून ऐकायला लागलं.

 परतीला गाडीत मागून लेकीनं विचारलं, "बाबा, डिड चाचा रियली फर्गेट?"

"हो."

"बट ही नेव्हर फर्गेट्स नेम्स."

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिनं आमच्या दोघांमधली बॅग उचलून मागच्या सीटवर ठेवली.  तिला किती कळलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही.

लीगचं सांगायचं तर सहा जण गेल्यावर आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. पाचवे आलो. एमडी मार्चनंतर ऊद मेथाला आलेच नाहीत. पुढच्या सीझनला टीमच नव्हती, आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझंही पत्र आलं. नंतर शारजात दुसरी नोकरी लागली, तिथं फुटबॉल नव्हता. बरं झालं.

पण त्याआधीचा एक दिवस राहिला. फायनलनंतरच्या आठवड्यात चाचा व्हिसा कॅन्सलेशनच्या कागदांवर सही करायला माझ्या केबिनमध्ये आला. हेल्मेट स्टोअरला जमा केलं होतं. त्याचं डोकं मी पहिल्यांदाच नीट बघितलं, मधोमध टक्कल होतं. त्यानं सही केली. मी सवयीनं बॅग ओढली, बाजूच्या कप्प्यात हात घातला आणि शिक्का बाहेर काढला. मग लक्षात आलं आणि हात तिथंच थांबला.

"मारा सायब," चाचा म्हणाला. "तिथंच असतो तो."

"चाचा, मी..."

"गेटपासचा कोपरा मीच धरला होता."

खिडकीतून ड्रायरचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. मी तिकडं बघत विचारलं, "मग तिथं का बोलला नाहीत?"

त्यानं कागद माझ्यापुढं सरळ करून ठेवला. "मी आठ दिवसांत जाणार. ती सहा पोरं जाणार. तुमी आणि पाच जण राहणार. तुमाला लीग खेळायचीय ना? त्या पाच जणांनी तुमाला सर म्हणायला नको?"

माणसानं अशा वेळी माफी मागावी. मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला. लई आला. बसमधून येताना कुणाशी बोललो नाय."

मी शिक्का मारला. शाई ओली होती. त्यानं कागद उचलला, दोन्ही हातांत धरला आणि ती सुकेपर्यंत फुंकर मारत उभा राहिला. ड्रायरवर वीस वर्षं काढलेला माणूस. मग म्हणाला, "वहिनींना सांगा, बरणी धुवून पोरांकडं ठेवलीय." आणि गेला.

या वर्षीही फेब्रुवारी आला. गेल्या शुक्रवारी सकाळी चहा घेत होतो. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "चाचा, फॉर्म भर दिया क्या?" हसरे चेहरे पडायला लागले. मला काय झालं माहीत नाही. मी टाइप केलं, "फॉर्म मैंने भरा था. चाचा ने नाम दिए थे. स्टाम्प मेरे बैग में था." वाचून बघितलं नाही, तसंच पाठवलं. बायकोला दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि माझ्या हातावर हात ठेवला, इतकी वर्षं ती याचीच वाट बघत असल्यासारखा.

 चहा गार झाला. मग चाचाचा मेसेज आला.

"सर मजाक कर रहे हैं. मैं ही भूल गया था."

संपलं. एका मिनिटात बारा चेहरे हसले. नौशादनं लिहिलं, "अब सर भी चाचा को बचाने लगे. ग्रेट सर." इतक्या वर्षांत एकदा खरं बोललो, तर तेही चाचाच्या एका ओळीपुढं टिकलं नाही. मी पुन्हा टाइप करायला घेतलं. बायको म्हणाली, "राहू द्या. त्याच्यापुढं तुमचं कोण ऐकणार?"

नौशादच्या त्या मेसेजवर लाल बदाम यायला लागले. ग्रुपवर माझ्या वाट्याला आलेले पहिलेच. मी मोजले, सात होते. थोड्या वेळानं आठवा आला. तो चाचाचा होता.